रिकामं अस्तर

१

रविवारी भर दुपारी लसींची कोठी तापली, आणि त्या इमारतीत कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

संध्याकाळी शिकाऊ आपला विसरलेला चार्जर न्यायला आला. त्याने सवयीने कोठीचं दार किलकिलं केलं. एरवी दार उघडलं की तोंडावर बर्फाची फुंकर यायची. आज आली ती कोंदट, बंद राहिलेल्या घरासारखी हवा. तो धावत कंट्रोल रूममध्ये गेला. भिंतीवरचा मोठा पडदा हिरवागार होता. त्या हिरव्यात एकच लाल पट्टी होती आणि पट्टीतला तापमानाचा आकडा पाहून त्याने कपाळावर हात मारला. मग आधी फोटो काढला आणि नंतर बोंब ठोकली. हा क्रम पुढे अनेकांना खटकला.

साठा सगळा फेकून द्यावा लागला. गावोगावची तान्ही मुलं आता पुढच्या खेपेची वाट बघत बसणार होती.

तो पडदा बाबांचा होता. म्हणजे त्यामागचा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता, चित्रं-बित्रं नसलेला, नुसत्या अक्षरांचा आणि रंगांचा, जुन्या टर्मिनलवर चालणारा. सगळं आलबेल असलं की अख्खी भिंत हिरवी, कोठी तापू लागली की अख्खी भिंत लाल. निवृत्त झाल्यावरही कोठीवाल्यांनी त्यांना सोडलं नव्हतं. बुधवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले. रविवारी कोठी तापली तेव्हा घरात अजून माणसांचा राबता होता.

साहेब भेटायला आले ते सोमवारी. कोठीचे प्रमुख, बाबांचे तरुणपणापासूनचे मित्र; कोठीचा अगदी पहिला पडदा आम्ही दोघांनी मिळून लिहिला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बाबांची लेक त्यांना लहानपणापासून काका म्हणायची.

"वहिनी, आत्ता बोलू नये, पण बाहेरून कानावर येण्यापेक्षा मीच सांगतो," ते आईला म्हणाले आणि बघत राहिले लेकीकडे. "चौकशी बसली आहे. दोनच शक्यता आहेत. एक तर पाळीवरचा माणूस झोपला, नाहीतर प्रोग्राम चुकला. आणि प्रोग्रामात बदल झालाय, बेटा. गेल्या मंगळवारी. तुझ्या बाबाच्या नावाने."

"बाबांनी काय बदल केला?"

"अख्खी भिंत लाल व्हायची, ती आता फक्त एक पट्टी लाल होते. माझ्यासमोर बसून केलं त्याने. मला म्हणाला, हा लाल फार भडक आहे रे, डोळ्यांत घुसतो, जरा कमी करतो. मी म्हटलं, कर बाबा, तुझं तू जाणे." त्यांनी सुस्कारा सोडला. "तब्येत बरी नव्हती, हात चुकला असेल. एक विचार कर. गेलेल्या माणसाला कसली शिक्षा होणार? पण प्रोग्राम चुकला असं लिहिलं की त्या पाळीवरच्या बिचाऱ्याची नोकरी वाचते. पोराबाळांचा धनी आहे."

"गेलेल्या माणसाचं नाव तेवढंच उरलेलं असतं, काका."

"म्हणून तर मी 'हात चुकला' म्हणतोय. 'निष्काळजी' म्हणत नाही."

बोलणं बिनतोड होतं. लेक एका प्रकाशनात मुद्रितशोधक होती. बिनतोड मजकूर दिसला की तो पुन्हा एकदा वाचायचा, ही तिची खोड. साहेब गेल्यावर ती दारातच उभी राहिली. बाबांनी लाल रंगाबद्दल तक्रार केल्याचं तिला आठवत नव्हतं. खरं म्हणजे बाबा कुठल्याच रंगाबद्दल कधी काही बोलल्याचं तिला आठवेना.

२

पाळीवरच्या ऑपरेटरला सगळे पापणी म्हणत. आपली पापणी लवत नाही, अशी त्याचीच बढाई होती. आता जो तो विचारत होता, "काय पापणी, लागली का?"

तो तिला कोठीच्या मागच्या धक्क्यावर भेटला. इथे गाड्या लागत, खोकी उतरत. धक्का आणि कंट्रोल रूम यांच्यामध्ये जाड काच होती, आणि काचेपलीकडे, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, तो पडदा.

"ताई, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते," तो म्हणाला. "पण मी झोपलो नव्हतो. मुलांची शप्पथ घेणार नाही, शप्पथ खोटारडी माणसं घेतात. मी इथे उभा राहून रिकामी खोकी बांधत होतो आणि भिंतीकडे बघत होतो. दर खोक्यागणिक बघत होतो. भिंत हिरवी होती."

"लाल पट्टी होती ना पण?"

"इथून दिसते का, तुम्हीच बघा."

तिने पाहिलं. पडद्यावर आकडे होते, ओळी होत्या, पण इतक्या लांबून सगळी मुंग्यांची रांग. ओळखू येत होता तो फक्त रंग. एखादी ओळ लाल असती तर काचेवरच्या दिव्यांच्या तिरिपीत ती हरवून गेली असती.

"म्हणूनच तर साहेबांच्या मित्रानं, म्हणजे तुमच्या बाबांनी, अख्खी भिंत लाल करायची सोय केली होती," पापणी म्हणाला. "मला म्हणायचे, तू वाचू नकोस, नुसता बघ. वाचायला मान वर करावी लागते, बघायला लागत नाही. आधी घंटा होती. दार जरा उघडं राहिलं तरी ठणाणा करायची, ती काढून टाकली. उरली ही भिंत."

"मग दार उघडं राहिल्यावर भिंतही लाल व्हायची?"

"व्हायची की! दिवसातून दोनदा-तीनदा. मंगळवारी पाहुणे आले होते मोठे. साहेब त्यांना कोठी दाखवायला दार उघडून उभे, आणि मागे भिंत लालेलाल. पाहुणे घाबरून बाहेर. साहेबांचं तोंड भिंतीहून लाल झालं होतं." तो हसायला गेला आणि थांबला. "त्याच्यानंतर मात्र शांत होतं बघा. बुधवार, गुरुवार, गाड्या आल्या, दारं उघडली, पण भिंत एकदाही लाल झाली नाही. मी मनात म्हटलं, बरं आहे, मालक गेले म्हणून भिंतसुद्धा गप्प बसली आहे."

तो वळला आणि पुन्हा तिच्याकडे पाहून म्हणाला, "ताई, एक विचारू? तुम्ही त्यांचं नाव सोडवायला आलात. ते सुटलं की मग मी अडकणार ना?"



३

शिकाऊ आता शिकाऊ राहिला नव्हता. गेली कित्येक वर्षं तो बाबांच्या हाताखाली होता. पण बाबांनी पहिल्या दिवशी दिलेलं नाव सुटलं नव्हतं. त्याने स्वतः एक नवा प्रोग्राम बनवला होता, रंगीत चित्रांचा, गुळगुळीत, आणि तो लावा म्हणून तो साहेबांच्या मागे लागला होता. जुना पडदा बदनाम झाला तर फायदा कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"तू आधी फोटो का काढलास?" तिने बसता बसता विचारलं.

"अहो ताई, दुसऱ्या सेकंदाला कुणीतरी बटण दाबून पडदा पुसला असता आणि मग मी काय दाखवलं असतं?" तो जरा चिडला. "मला माहितीये सगळे काय बोलतात. नवा प्रोग्राम पुढे करायला गुरूचा गळा कापला. तुम्हालाही तेच वाटतंय."

"मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

"इथेच."

"पापणी म्हणाला, तू नव्हतास."

त्याने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मुलाखतीला गेलो होतो. दुसरीकडे. तुमच्या बाबांना ठाऊक होतं, साहेबांना सांगू नका. पण खोटं कशाला बोलू, संध्याकाळी परत आलो होतो. मनात असतं तर करता आलं असतं. त्यांचा पासवर्ड मला पाठ आहे. साहेबांनाही, सगळ्यांनाच. विसरतो म्हणून त्यांनीच सांगून ठेवला होता."

असा आरोपी तिने कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. हा स्वतःच फासाची दोरी वळून देत होता. तिचा संशय त्यामुळे कमी झाला नाही, पण त्या संशयाला बसायला जागा सापडेना.

"बदल काय झालाय ते दाखव. मला समजेल असं."

तिला थोडंफार समजत होतं. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून तिने टर्मिनलवरच्या चौकोनी खिडक्या पाहिल्या होत्या. खिडकीत अक्षरं असतात आणि अक्षरांच्या मागे, सगळ्या रिकाम्या जागांत, जे पसरलेलं असतं त्याला इतर लोक पार्श्वभूमी म्हणत. बाबा अस्तर म्हणायचे.

"अस्तर घालायच्या आज्ञा दोन," शिकाऊ म्हणाला. "एक आज्ञा खिडकीचं जुनं अस्तर उसवून टाकते आणि सगळ्या खिडकीला नवं लावते. लिहिलेली अक्षरं तशीच राहतात, मागचं सगळं पालटतं. दुसरी म्हणते, जुनं असेल ते असू दे, इथून पुढे जे लिहाल, पुसाल, तेवढ्यालाच नवं अस्तर. बाबांनी पहिली वापरली होती. मंगळवारी कुणीतरी तिथे दुसरी घातली. म्हणून नवा आकडा लिहिला तेवढी ओळ लाल, बाकी भिंत हिरवी. नवशिक्या करतो अशी चूक आहे. पण चूक म्हणावी तर नीट चालतेय. ज्याला फक्त पट्टी हवी होती, त्याला पट्टी मिळाली."

"फोटो दाखव."

मुद्रितशोधकाची नजर अक्षरांवर कमी आणि अक्षरांमधल्या जागांवर जास्त असते. हिरव्या भागात जिथे जिथे काही लिहिलेलं नव्हतं तिथे बारीक ठिपके होते, पेरल्यासारखे. लाल पट्टीत आधी आकडा होता आणि आकड्यानंतर पट्टीची शेपटी खिडकीच्या कडेपर्यंत गेली होती. त्या शेपटीत काही नव्हतं. नुसता लाल.

"इथे ठिपके का नाहीत?"

"लालला ठिपके नसतात. लालला फुल्या." त्याने जुना प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर बोट ठेवत गेला. "अस्तर म्हणजे नुसता रंग नाही ना, रंग आणि एक अक्षर. हे बघा. हिरवं अस्तर, ठिपका. पिवळं, आडवी रेघ. लाल, फुली. सगळ्या प्रोग्रामात, प्रत्येक खिडकीत, प्रत्येक अस्तराला त्यांची खूण आहे. साहेब त्याला रेघोट्या म्हणतात. जुनाट दिसतं, काढा म्हणून कितीदा सांगितलं त्यांनी. बाबांनी ऐकलं नाही."

"आणि मंगळवारचं?"

शिकाऊने ओळ शोधली. तो ती ओळ आत्तापर्यंत आज्ञेसाठी वाचत आला होता, अस्तरासाठी नाही. आता त्याने वाचली आणि हळूच म्हणाला, "लाल. आणि रिकामं."

"म्हणजे?"

"म्हणजे अक्षरच नाही दिलेलं. नुसता लाल रंग. ताई, हे मी केलं असतं तरी असं केलं नसतं. पहिल्या वर्षी मी एकदा असंच रिकामं अस्तर घातलं होतं. बाबा कधी ओरडत नसत, त्या दिवशी ओरडले. म्हणाले, रिकामं ठेवू नकोस, मला काही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणाले?"

"हो. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

४

आई कपाटापुढे बसून बाबांचे कपडे लावत होती. द्यायचे एकीकडे, ठेवायचे एकीकडे. ठेवायचा ढीग मोठा होत चालला होता.

लेक मदतीला बसली. मोज्यांची जोडी उलटी करताना तिच्या बोटाला आत काहीतरी लागलं. पांढऱ्या दोऱ्याची एक लहानशी गाठ. दुसऱ्या जोडीत दोन गाठी होत्या, तिसरीत एकही नाही. एक गाठ तपकिरी मोज्यांत, दोन गाठी हिरव्या मोज्यांत.

"हे काय गं आई?"

"धोब्याची खूण."

"मोजे कधीपासून धोब्याकडे जायला लागले?"

आईने मोजे तिच्या हातातून काढून घेतले.

लेक उठली, माळ्यावरचा खोका काढला. त्यात तिचे लहानपणचे तेलखडू होते, अर्धेमुर्धे, कागद गुंडाळलेले. प्रत्येक कागदावर बाबांच्या अक्षरात रंगाचं नाव होतं. बाबा एकेक खडू उचलून तिला विचारायचे, "हा कुठला, सांग पाहू?" ती ओरडून सांगायची, "लाऽल!" बाबा म्हणायचे, "शाब्बास," आणि लगेच त्या कागदावर लिहायचे. तिला वाटायचं, ही आपली परीक्षा चालली आहे. ती मोठ्या दिमाखात प्रत्येक उत्तर द्यायची.

ती खोका घेऊन आईपुढे येऊन बसली.

"मला शिकवत नव्हते ते," ती म्हणाली. "मला विचारत होते."

आईने घडी घातलेला सदरा पुन्हा मोडला, पुन्हा घातला.

"लाल आणि हिरवा," आई म्हणाली. "दोन्ही एकच दिसायचे त्यांना. लाल तर विझलेल्या निखाऱ्यासारखा, मळकट. लग्नात माझा शालू त्यांना मातकट दिसला होता. मला चार वर्षांनी सांगितलं."

"आणि कंट्रोल रूममध्ये नोकरी? तिथे तर डोळे तपासून घेतात!"

"घेतात. ठिपक्याठिपक्यांची चित्रं असतात, त्यात आकडा ओळखायचा. एका ओळखीच्या दवाखान्यात ते पुस्तक होतं. मी बसून त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. कुठल्या पानावर कुठला आकडा. पाढ्यांसारखं." आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर शरम नव्हती. होता तो एक जुना पहारा. "पण नोकरीत एकदा तरी चूक झाली का? त्यांना रंगाचा भरवसा नव्हता म्हणून त्यांनी प्रत्येक रंगाला खूण लावली. रंग लोकांसाठी, खूण माझ्यासाठी, असं म्हणायचे."

"आई, मंगळवारचा बदल बाबांनी केलेला नाही. काका खोटं बोलतायत. लाल डोळ्यांत घुसतो, असं बाबा म्हणूच शकत नव्हते. आणि रिकामं लाल अस्तर घालून समोर बसले असते तर ते अस्तर लागलं की नाही हेच त्यांना कळलं नसतं. हे ज्याने केलं त्याला रंग दिसतात, आणि बाबांना दिसत नाहीत हे त्याला माहीत नाही."

"त्या पोराला, शिकाऊला, माहीत होतं का?"

"नाही. पण खुणेवाचून अस्तर घातलं म्हणून तो एकदा बोलणी खाऊन बसलाय. बाबांच्या नावावर खपवायला निघाला असता तर फुली पहिल्यांदा घातली असती. पापणीला प्रोग्राम म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि स्वतःच्याच डोळ्यांवर कोण पट्टी बांधून घेईल? पाहुण्यांपुढे मान खाली गेली ती काकांची. रेघोट्या नकोत, हा हट्टही त्यांचा. पहिला पडदा दोघांनी मिळून लिहिलाय, हे ते स्वतःच सांगत असतात. म्हणजे त्यांना लिहिता येतं. उद्या मी चौकशीत हे सांगणार."

"नाही."

आईने हा एकच शब्द उच्चारला आणि कपाट बंद केलं.

"उभा जन्म झाकलं आम्ही. तेरा दिवस झाले नाहीत आणि तू उघडं करणार? आज म्हणतायत, हात चुकला. उद्या म्हणतील, आंधळा माणूस फसवून नोकरीला लागला. कुठलं बरं? सांग, तू एवढी वाचलेली आहेस."

५

चौकशी कोठीच्या इमारतीत, साहेबांच्याच बैठकीच्या खोलीत होती. चौकशी अधिकारी बाहेरून आलेले एक गृहस्थ होते; सर्दीने बेजार, प्रत्येक वाक्याआधी रुमाल शोधणारे. पापणी दाराशी उभा, शिकाऊ कोपऱ्यात. आई लेकीबरोबर आली होती, पण आत यायला तयार नव्हती. दाराबाहेरच, आतलं ऐकू येईल अशा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"मला एकच विचारायचंय," लेक म्हणाली. "काका, मंगळवारी बाबा नक्की काय म्हणाले?"

"आता पुन्हा कशाला स्वतःला त्रास करून घेतेस, बेटा."

"सांगा ना. त्यांचे शेवटचे शब्द म्हणून ऐकते."

साहेब हळवे झाले. हळवेपणा खोटा नव्हता, हे तिने पाहिलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "म्हणाला, भिंत लाल झाली की आग लागल्यासारखी दिसते. माझे डोळे दिपतात."

अधिकाऱ्यांनी टिपून घेतलं.

"बाबांनी आयुष्यात एकही अस्तर रिकामं घातलं नाही," लेक म्हणाली. "प्रत्येकाला खूण आहे. फक्त मंगळवारच्या एका ओळीला नाही. सबंध प्रोग्रामात तेवढी एकच ओळ त्यांच्या हातची वाटत नाही."

"उतारवयात माणूस सवयी सोडतो," साहेब शांतपणे म्हणाले. "मी वर्षानुवर्षं सांगत होतो, त्या रेघोट्या काढ. शेवटी ऐकलं असेल. मित्राचं कधीतरी ऐकावं की नाही?"

"का, दुसरं काही कारण आहे का तुमच्याकडे?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "सवयीवर मी निर्णय कसा देऊ? त्यांनी ही खूण काढलीच नसती, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

खोली तिच्याकडे पाहू लागली. उत्तर तिच्या जिभेवर होतं आणि दाराबाहेर आई होती. तिला वाटलं, एका वाक्यात बाबा वाचतील आणि त्याच वाक्यात बुडतील. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग मी लिहितो," अधिकारी म्हणाले आणि रुमाल शोधू लागले.

दार वाजलं. आई आत आली. तिने कुणाला नमस्कार केला नाही, कुणी दिलेल्या खुर्चीवर बसली नाही. पिशवीतून मोज्यांच्या दोन जोड्या काढून टेबलावर, थेट कागदांवर ठेवल्या.

"भावोजी," ती साहेबांना म्हणाली, "ह्यातली तपकिरी जोडी कुठली?"

साहेब गोंधळले. त्यांनी बोट दाखवलं.

"बघा, तुम्हाला लगेच सांगता आलं. त्यांना सांगता यायचं नाही. म्हणून आतून मी गाठी मारायचे. लाल आणि हिरवा त्यांना एकच दिसायचे, जन्मापासून. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नोंद आहे, हवं तर विचारा. नोकरीच्या तपासणीत त्यांनी आकडे पाठ म्हटले होते. पाठ मी करून घेतले होते. त्याचा काय दंड असेल तो मला करा." तिचा आवाज एकदाही हलला नाही. "पण ज्या माणसाला लाल रंग राखेसारखा दिसायचा, त्याचे डोळे लाल रंगानं दिपले, हे मी ऐकून घेणार नाही. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलात. माझ्या घरी जेवलात. तुमच्या कधी लक्षातही आलं नाही?"

साहेब मोज्यांकडे बघत होते. त्यांनी एक मोजा उलटा केला, आतली गाठ अंगठ्याने चाचपली.

"तो मला नेहमी विचारायचा," ते म्हणाले, "टाय कुठला बांधू. मला वाटायचं, माझी थट्टा करतोय."

मग त्यांनी मोजा खाली ठेवला.

"मला फक्त आकडा लाल हवा होता. भिंत नको होती. पाहुण्यांदेखत सारखी लाल होणारी भिंत. त्याला म्हटलं, तर नाही म्हणाला. तो घरी गेल्यावर त्याच्या टेबलाशी बसलो. इतक्या वर्षांनी हात आठवतोय याचाच आनंद झाला मला. वाटलं, उद्या येईल, बघेल, दोन शिव्या घालेल आणि पूर्ववत करेल. तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही, हे मला काय ठाऊक?"

"आणि रविवारनंतर?" लेकीने विचारलं.

साहेबांनी मोज्यांची जोडी नीट जुळवून ठेवली. त्यांना कुणी पुन्हा विचारलंही नाही. अधिकाऱ्यांनी लिहिलेलं पान फाडलं आणि पापणीकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही जा कामावर."

६

अहवालात पुढे बरंच काही आलं. त्यात बाबांच्या डोळ्यांबद्दल एक परिच्छेद होता आणि तो वाचायला बरा नव्हता. लेकीने तो एकदा वाचला. चुका नव्हत्या.

त्याआधीच शिकाऊने जुनी ओळ परत घातली होती. त्या दिवशी त्याने दोघींना बोलावून घेतलं. दोघी धक्क्यावर पापणीशेजारी, काचेच्या अलीकडे उभ्या राहिल्या. शिकाऊने कोठीचं धक्क्याकडचं दार उघडं टाकलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मग भिंत एका झटक्यात पालटली. आकडे, ओळी जागच्या जागी राहिल्या आणि त्यांच्यामागे, जिथे काही लिहिलेलं नव्हतं तिथे सगळीकडे, लाल फुल्या उमटल्या. पापणीचा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला.

"हे त्यांना कसं दिसत असेल गं?" आईने विचारलं. "संसार केला, पण हे कधी विचारलं नाही मी."

लेकीने फोनवर फोटो काढला, त्यातले रंग काढून टाकले आणि फोन आईच्या हातात दिला. "अगदी असंच नाही. पण जवळपास."

करड्या भिंतीवर करड्या फुल्या होत्या. आईने फोन डोळ्यांजवळ नेला आणि एकेका फुलीवरून नजर फिरवत राहिली.

"सगळं कळतंय की," ती म्हणाली.

पापणीने दार लावून घेतलं. भिंत पुन्हा हिरवी झाली, ठिपक्यांची. आईने मात्र फोन लगेच परत दिला नाही.